देवनहळ्ळीची अमेरिका

माझा मोठा भाऊ अमेरिकेत होता त्या दोन वर्षांत आमच्या घरी चकोत फार यायचे. हे वाक्य लिहून मी मुलीला वाचून दाखवलं, तर ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "अम्मा, याचा एकमेकांशी काही संबंध नाही." संबंध आहे, आणि तोच सांगायला मी बसले आहे. चकोत म्हणजे महाराष्ट्रातलं पपनस. पण देवनहळ्ळीचा चकोत आतून गुलाबी निघतो, आणि घरात एक सोलला की त्याचा वास पडद्यांना, उशांना, माणसांच्या केसांनासुद्धा लागतो. बेळ्ळंदूरच्या या उंच इमारतीत, खाली रिंगरोडवर तासन् तास न हलणाऱ्या गाड्या बघत मी हे लिहिते आहे, आणि त्या वासाच्या आठवणीनं मला हसू येतं.

आम्ही बंगळूरचे मराठी. पुण्यामुंबईहून नोकरीसाठी आलेले नव्हे, तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आलेले. फौज परत गेली, आम्ही का राहिलो ते कुणाला ठाऊक नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि भांडणात दोन्ही, अशी आमची व्यवस्था होती. चामराजपेठेतलं आमचं घर लहान, लाल गुळगुळीत जमिनीचं. सकाळी जाग यायची ती आईच्या खोबरं खवण्याच्या आवाजानं. पितळी फिल्टरमधून कॉफी थेंबथेंब पडत असायची, आणि तो शेवटचा थेंब पडेपर्यंत अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, धीर नसायचा. अप्पा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्या पोटात एक गोष्ट कधी राहायची नाही, ती म्हणजे आनंदाची बातमी. वाईट बातमी मात्र ते असे काही गिळत, की आम्हांला ढेकरही ऐकू येऊ नये.

अण्णा, म्हणजे माझा मोठा भाऊ राघू, कसाबसा इंजिनियर झाला आणि अमेरिकेतल्या एका कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला. व्हिसा मिळायचा होता. पण अप्पांनी त्याच संध्याकाळी आख्ख्या आळीत म्हैसूरपाक वाटला. दहा दिवसांनी दोघं बापलेक मद्रासला निघाले, व्हिसा घ्यायचा आणि तिथूनच विमानात बसायचं म्हणून, तेव्हा स्टेशनवर अप्पांनी नादस्वरवाले बोलावले होते. अण्णाच्या गळ्यात इतके हार पडले, की त्याचं तोंड दिसेना. तो काहीतरी सांगत होता, ते मला त्या पिपाण्यांत ऐकू आलं नाही. शेजारच्या पद्माक्का इतक्या रडल्या, की प्लॅटफॉर्मवरच्या लोकांना त्याच त्याची आई वाटल्या.

चार दिवसांनी अप्पा एकटेच परत आले. दारातून आत येता येताच त्यांनी आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "बसला विमानात!" मग स्वयंपाकघरात येऊन त्यांनी नळ सोडला, बादलीत पाणी धो धो पडू दिलं, आणि त्या आवाजाच्या आडोशानं आईला आणि मला खरं सांगितलं. व्हिसा मिळाला नव्हता. एवढे हार घालून निघाल्यावर घरी तोंड दाखवायची राघूला लाज वाटते आहे. तो देवनहळ्ळीला, कॉलेजातल्या मित्राचे वडील मुनियप्पा यांच्या मळ्यात जाऊन राहिला आहे. दोन वर्षं तिथं काढेल, मग अमेरिकेहून परत येईल.

"तोच म्हणाला, घरी येत नाही म्हणून?" आईनं विचारलं.

"तोच," अप्पा म्हणाले आणि नळ बंद केला.

तर अशा रीतीनं आमची अमेरिका देवनहळ्ळीला, बंगळूरपासून बसनं दीड-दोन तासांवर, सुरू झाली. आता तिथं विमानतळ झाला आहे. माझी मुलगी कामासाठी अमेरिकेला निघाली, की पहाटे टॅक्सीनं आधी देवनहळ्ळीलाच जाते. अप्पा काळाच्या बरेच पुढे होते असं म्हणायला हरकत नाही.

खोटं बोलणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एक अमेरिका चालवून बघावी. पहिला प्रश्न फोनचा. आळीत फोन एकच, पद्माक्कांकडे. त्यांचा फोन बैठकीत, जाळीच्या रुमालाखाली असायचा, आणि अमेरिकेचा फोन येणारं आळीतलं एकमेव घर म्हणून त्यांची मान ताठ झाली होती. अप्पांनी नियम घालून दिला, की अण्णानं सकाळी फोन करायचा. आपल्याकडे सकाळ म्हणजे तिकडे रात्र, तेव्हा त्यानं झोपाळू आवाजात बोलायचं. त्यामुळे माझा भाऊ देवनहळ्ळीच्या बसस्टँडवर, पिवळ्या पाटीच्या फोनच्या बूथमध्ये, लख्ख उन्हात उभा राहून जांभया देत असे. एकदा पद्माक्काच आधी बोलत होत्या. "स्वल्प जोरात बोल की रे राघू! तिकडं बर्फ पडतोय काय?" इतक्यात पलीकडे कोंबडा आरवला. आरवला म्हणजे असा, की फोनपासून चार हात दूर उभ्या असलेल्या आम्हांलाही तो ऐकू आला. पद्माक्कांनी फोनवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं. "अय्यो, मध्यरात्री कोंबडा?" अप्पा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "तिकडे सगळेच लवकर उठतात. म्हणून तर देश पुढे गेला." पद्माक्कांना ते पटलं. त्यांनी संध्याकाळी नवऱ्याला झोपेवरून बोल लावलेले मी भिंतीपलीकडून ऐकले.

दुसरा प्रश्न डब्यांचा. आई दर पंधरवड्याला चटणीपूड, मेतकूट, लिंबाचं लोणचं बांधून द्यायची. पण हे कळल्यावर आळीतल्या बायकाही 'अमेरिकेला पार्सल जातंय तर' म्हणून आपापलं देऊ लागल्या. अप्पा रविवारी सकाळी दोन पिशव्या घेऊन 'पोस्टात जाऊन येतो' म्हणून निघत ते संध्याकाळी येत. रविवारी पोस्ट बंद असतं हे कुणाच्या कसं लक्षात आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. पद्माक्कांनी अण्णासाठी लोकरीची माकडटोपी विणली. ती त्यानं वापरलीही. अमेरिकेत दोन वर्षं राहिलेला माणूस गोरा होऊन यायला हवा, असं अप्पांचं म्हणणं पडलं, आणि त्यांनी अण्णाला उन्हात तोंड उघडं टाकायला बंदी केली. मुनियप्पांच्या मळ्यात मजूर उघड्या अंगानं काम करत आणि माझा भाऊ एप्रिलच्या उन्हात माकडटोपी घालून झाडांना पाणी देई. गावातली पोरं त्याला बघायला येत.

आणि तिसरा प्रश्न चकोतांचा. रिकाम्या पिशव्या घेऊन परत यायचं अप्पांच्या जिवावर येई, म्हणून ते त्या चकोतांनी भरून आणत. मुलगा अमेरिकेत आणि घरात दर पंधरवड्याला देवनहळ्ळीचे चकोत, हे दिसून चालणार नव्हतं. मग आम्ही तिघं खिडक्या लावून, कॉटवर बसून, हाताला चिकट रस लागलेला, गुपचूप चकोत खात असू. साली वर्तमानपत्रात गुंडाळून अप्पा कचेरीत नेत आणि सरकारी टोपलीत टाकत. "कमू, तुमच्याकडं कसला गं वास येतोय?" पद्माक्का मला विचारत. "नवी उदबत्ती आणलीय," मी सांगे. मी तेव्हा सतराची होते आणि खोटं बोलण्यात घरात सर्वांत तरबेज मीच होते. कॉलेजात तर मी अमेरिकेतल्या अण्णाच्या जिवावर इतकं मिरवलं, की इंग्रजीच्या बाईंनी मला वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं. विषय होता सत्य. दुसरा नंबर आला.

मी एकदाच अप्पांबरोबर देवनहळ्ळीला गेले. अण्णा झाडाखाली बसला होता, टोपी काढून. हात राठ झाले होते, पण तब्येत सुधारली होती. त्याला ते काम आवडत होतं हे मला लगेच दिसलं. कुठल्या फांदीला टेकू द्यायचा, कुठलं फळ अजून आठवडाभर ठेवायचं, हे तो असं सांगत होता की इंजिनियरिंगच्या चार वर्षांत त्याला एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मग अप्पा मुनियप्पांशी बोलायला विहिरीकडे गेले आणि अण्णा काडीनं जमिनीवर रेघा ओढायला लागला. "काय झालं रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "काही नाही गं. मेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटतं कधीकधी. निदान श्राद्धाला तरी घरी बोलावलं असतं." मी हसले. तो हसला नाही. आपला भाऊ बसनं दीड तासावर आहे आणि तरी त्याला स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडता येत नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा नीट शिरलं.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याला अण्णा 'सुट्टीवर' येणार असं ठरलं. त्याच सुमारास पद्माक्कांनी एक स्थळ आणलं. निपाणीकडचे बसवंतराव, गुळाचे व्यापारी. त्यांना मुलीसाठी अमेरिकेतलाच मुलगा हवा होता. लग्न लावायचं आणि मुलीला त्याच्याबरोबर पाठवून द्यायचं. मला वाटलं, अप्पा काहीतरी निमित्त काढून नाही म्हणतील. अप्पा हो म्हणाले. मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं, नळ सोडला आणि विचारलं, "अप्पा, ती मुलगी लग्न करून जाईल कुठं?" अप्पांनी माझ्याकडे अशा चेहऱ्यानं पाहिलं, की मी घाबरले. "का? अमेरिकेला," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आता खरंच तसं वाटायला लागलं होतं.

अण्णाला घ्यायला सगळी आळी टेम्पो करून जुन्या विमानतळावर आली. त्या काळी आत जायला पाहुण्यांना तिकीट मिळायचं. अण्णा आधीच बसनं येऊन, ते तिकीट काढून, सूटकेस घेऊन आत जाऊन बसला होता. मुंबईचं विमान उतरल्यावर त्या माणसांच्या घोळक्यात मिसळून तो बाहेर आला, अंगात अप्पांचा लग्नातला कोट. पद्माक्कांनी हार घालता घालता त्याला न्याहाळलं. "काळा झालास की रे!" अप्पा म्हणाले, "बर्फावरून ऊन उलटं येतं, दुप्पट लागतं." टेम्पोत अण्णा माझ्या शेजारी बसला होता. वाटेत मी त्याच्या कानात निपाणीचं सगळं सांगितलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि हार त्याला टोचत होता.

आमच्याकडे दसऱ्याला गोंबे मांडतात. म्हणजे पायऱ्या करून त्यांवर बाहुल्यांचा दरबार. सर्वांत वर आईच्या लग्नात आलेले लाकडी राजा-राणी, खाली देव, वाणी, वाजंत्री, गाईम्हशी. दर वर्षी एखादा देखावाही करायचा. नऊ दिवस संध्याकाळी आळीतली पोरं घरोघर 'गोंबे कूर्सिद्दीरा?' विचारत यायची, म्हणजे बाहुल्या बसवल्यात का, आणि हरभऱ्याची उसळ खाऊन पुढच्या घरी जायची. त्या वर्षी बायकांनी आईला गळ घातली, की तुमचा राघू येतोय तर देखावा अमेरिकेचाच हवा. आईनं केला. आरशाचा समुद्र, नाचणी उगवून केलेली हिरवळ, साबणाच्या खोक्यांच्या उंच इमारती. मशाल घेतलेल्या त्या बाईच्या जागी लक्ष्मी होती, तिच्या वरच्या हातात टॉर्चचा बल्ब बसवला होता. राजा-राणी अमेरिकेचे अध्यक्ष आणि त्यांची बायको झाले होते, पण राजाचा फेटा लाकडातच कोरलेला, त्यामुळे अध्यक्ष फेटा बांधून होते. रस्त्यावर चन्नपट्टणच्या दोन लाकडी गाई आडव्या बसल्या होत्या. आईला विचारलं तर ती म्हणाली, "गाईशिवाय रस्ता कसा ओळखू येईल?"

बसवंतराव, त्यांची मुलगी लीला आणि आळीतली झाडून सगळी मंडळी त्या संध्याकाळी बैठकीत दाटीवाटीनं बसली होती. उसळीला फोडणी बसल्याचा वास येत होता. पद्माक्कांनी अण्णाच्या हातात माझी शाळेतली फूटपट्टी दिली. "सांग बघू रे राघू, हे काय, ते काय. पोरांना समजू दे." अण्णा अमेरिकेसमोर उभा राहिला. पट्टीचं टोक त्यानं आधी आरशावर ठेवलं, मग साबणाच्या खोक्यावर. मग एका गाईवर ठेवून तो तिच्याकडेच बघत राहिला.

"यातलं मला काही ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी अमेरिकेला गेलोच नाही. व्हिसा मिळाला नाही. मला घरी यायची लाज वाटली म्हणून मी देवनहळ्ळीला राहतो. चकोताच्या मळ्यात काम करतो."

मला वाटलं आता भूकंप होणार. पण बसवंतराव मांडीवर थाप मारून हसले. "असली नम्र पोरं आता मिळत्यात कुठं ओ, रावसाहेब! आमच्याकडं पोरगं बेळगावला जाऊन आलं तर चार दिस टाय सोडत न्हाई." सगळे हसले. अण्णा म्हणाला, "नाही हो, खरंच सांगतोय." तसे ते आणखी हसले. पद्माक्कांनी मात्र मनावर घेतलं. "माझ्याशी फोनवर बोलायचास की तू! माझ्या फोनवर!" "देवनहळ्ळीच्या बसस्टँडवरून बोलायचो, अक्का. तो कोंबडा हॉटेलवाल्याचा होता." "का? अमेरिकेत कोंबडे नसतात?" "मला ठाऊक नाही, अक्का, मी अमेरिका पाहिली नाही." "बर्फ पाहिलास ना?" "नाही." "बघा," पद्माक्का सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "रोज बघणाऱ्याला त्याचं काय वाटणार!" अण्णानं राठ तळवे पुढे करून दाखवले. मागून कुणीतरी ठामपणे सांगितलं, की तिकडे भांडी घरातल्या पुरुषांनाच घासावी लागतात. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला उठले आणि म्हणाले, "तो खरं सांगतोय." पण मला कोण विचारतो? अण्णा घामाघूम होऊन उभा होता. दोन वर्षं तो ज्या खोट्यात अडकला होता, त्यातून बाहेर यायला दार उघडं होतं आणि सगळी आळी प्रेमानं त्याला परत आत ढकलत होती. लीलाशी त्याचं लग्न लागणार, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसायला लागलं.

अप्पा उसळीचं तबक घेऊन दारात उभे होते.

"हा खोटं बोलतोय," ते म्हणाले. पद्माक्कांनी 'हां!' करून सुस्कारा सोडला. अप्पांनी तबक खाली ठेवलं, नेमकं हिरवळीवर. "व्हिसा मिळाला नाही, हे खरं. देवनहळ्ळीला राहतो, तेही खरं. घरी यायची लाज वाटली हे खोटं. त्याला काही लाज वाटली नव्हती. व्हिसाच्या साहेबानं विचारलं, तुला अमेरिकेला का जायचंय? तर हा म्हणाला, माझ्या वडिलांना हवंय म्हणून. साहेब हसला आणि म्हणाला, मग वडिलांना पाठव. बाहेर येऊन यानं मला ते सांगितलं, आणि हाही हसत होता. म्हणाला, सुटलो अप्पा, चला घरी. मला ते हार दिसत होते. म्हैसूरपाक दिसत होता. मी म्हटलं, हे तोंड घेऊन घरी येऊ नकोस. माझा मुलगा घरी येत होता, मीच त्याला येऊ दिलं नाही. मला माझ्या म्हैसूरपाकाची लाज वाटली." अप्पा बोलता बोलता रडत होते. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि रडताना ते फार वाईट दिसत. पण त्यांचा आवाज मात्र आनंदाची बातमी सांगतानाचा होता, आख्ख्या आळीला ऐकू जाईल असा.

आता सगळ्यांना पटलं. अण्णा हातातली पट्टी तशीच धरून अप्पांकडे बघत राहिला. दोन वर्षं त्यानं अप्पांचं नाव कुणाला, आईलासुद्धा, सांगितलं नव्हतं. बसवंतराव उठले. "म्हणजे शेतकरी? अहो, शेतकऱ्यालाच द्यायची असती तर निपाणीत काय दुष्काळ पडलाय काय?" लीला मात्र तोंडाला पदर लावून हसत होती. जाता जाता ती हळूच मला म्हणाली, "बरं झालं बाई. मला विमानाची भीती वाटते." पुढे तिचं लग्न हुबळीत झालं. अण्णाचं झालं मुनियप्पांच्या नात्यातल्या मुलीशी, आणि त्यात नादस्वर नव्हतं. तो अजून तिथंच राहतो, मळ्याचे तुकडे पडत पडत आता थोडीच झाडं उरली आहेत. माझी मुलगी त्याला दर वर्षी अमेरिकेला चल म्हणते. "कशाला गं?" तो म्हणतो, "जाऊन आलोय की."

त्या संध्याकाळचं एवढ्यावर संपलं नाही. एकदा झाकण उघडल्यावर अप्पांना थांबता येईना. त्यांनी पद्माक्कांना सांगितलं, की राघूनं अमेरिकेहून पाठवली म्हणून तुमच्या नवऱ्याला दिलेली दाढीची क्रीम इथल्याच मॅजेस्टिकच्या गल्लीतली होती. कुणाचं तरी मेतकूट त्यांनी बसमध्येच खाल्लं होतं, तेही सांगितलं. शेवटी ते आईकडे वळले. "आणि अगं, तुझं उप्पिट मला लग्नापासून आवडत नाही." आई म्हणाली, "ठाऊक आहे." "मग का करतेस?" "ठाऊक आहे म्हणूनच." एवढं बोलून ती आत गेली आणि अण्णासाठी पान वाढलं. व्हिसाच्या गोष्टीबद्दल ती अप्पांना एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तिनं त्यांना माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. अण्णा जेवत होता तोवर ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती, आणि तो दुसऱ्यांदा भात घेऊ की नको याचा विचार करत होता. मला त्या दोघांकडे बघवेना, इतकं बरं वाटत होतं.

अप्पांना नंतर खरं बोलायची चटकच लागली. कचेरीत ते साहेबांना म्हणाले, की गेली कित्येक वर्षं मी चारनंतर काम करत नाही, फक्त टेबलावर कागद पसरून बसतो. साहेब म्हणाले, राव, मीही. पद्माक्का महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. फोनवरचा जाळीचा रुमालही त्यांनी काढून टाकला. पण आम्हांला वाटली होती तशी आमची आळीत नाचक्की काही झाली नाही. उलट लोक अप्पांना बघून रस्ता बदलायला लागले, कारण ते थांबवून काय कबूल करतील याचा नेम नव्हता. अप्पा पूर्वीपेक्षा हलके चालायला लागले होते. वास्तविक सगळं होतं तसंच होतं. मुलगा इंजिनियर होऊन मळ्यात होता, निपाणीची श्रीमंत सून यायची राहिली होती, म्हैसूरपाक फुकट गेला होता. तरी सकाळी कॉफी गळेपर्यंत ते चक्क गाणं म्हणत थांबत.

दसरा झाल्यावर अण्णा परत देवनहळ्ळीला गेला. कुणी पाठवलं म्हणून नव्हे, झाडांना पाणी द्यायचं होतं म्हणून. "मी तिकडेच राहीन," तो म्हणाला, "पण आता घरून जाईन." दोन रविवारांनी अप्पा आणि मी त्याच्याकडे निघालो. पिशवीत चटणीपूड होती. बस तुडुंब भरली होती, आम्ही दाराशीच लोंबकळत होतो. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं, कुठं जायचं म्हणून, विचारलं, "एल्लिगे?"

"देवनहळ्ळी. एरडु," अप्पा म्हणाले. दोन तिकिटं हातात पडली, तरी त्यांनी कंडक्टरचा दंड सोडला नाही. "नन्न मग अल्ले इदाने," ते मोठ्यानं म्हणाले. माझा मुलगा तिथंच असतो. "अमेरिकेला जायचा होता. जमलं नाही. चकोत पिकवतो."

कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, मग मागच्या गर्दीकडे पाहिलं. "सरी यजमान्रे," तो म्हणाला, "स्वल्प मुंदे होगी." बरं मालक, जरा पुढे सरका.

अप्पा पुढे सरकले, आणि तिथं उभ्या असलेल्या माणसालाही त्यांनी सांगितलं.